१८० लाल गोळ्या

सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यावर आशाताई गरोदर बाईच्या घरी गेली की कार्ड नंतर बघते, आधी लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी मागते. माता-बाल संरक्षण कार्डावर गोळ्या दिल्याची नोंद असतेच, पोटात किती गेल्या ते पट्टीच सांगते. वरचे चार कप्पे रिकामे, बाकीच्या लाल गोळ्या जागच्या जागी.

औषध पोटात गेल्याची खात्री करायचा एक मार्ग म्हणजे ते समोर गिळायला लावणं. आफ्रिकेच्या हिवतापग्रस्त भागांत गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीपासून, महिन्याच्या अंतराने, किमान तीनदा हिवतापाचं प्रतिबंधक औषध देतात, तेही शक्यतो नर्ससमोर गिळायला लावून. आपल्याकडे हिवतापासाठी तशी पद्धत नाही. ताप आला की रक्त तपासायचं, मग उपचार. पण ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची आपली गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची. एवढे दिवस समोर कोण बसणार?

गोळीनं मळमळतं, शौच काळं होतं. काळं होणारच, हे गोळी हातात देतानाच सांगायला हवं. घाईच्या तपासणीत नेमकं तेच राहतं आणि चौथ्या दिवशी घाबरून गोळी बंद होते. कोऱ्या चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या, त्यांत आणि हिच्यात दोन तासांचं अंतर हवं. भातलावणीच्या दिवसांत हे वेळापत्रक कोण सांभाळणार? म्हणून ताईचा एकच सोपा नियम: लाल गोळी रात्री, जेवणानंतर तासाभरानं.

खरी अडचण सासूची. "गोळ्यांनी पोर मोठं होतं, बाळंतपण अडतं." ताई वाद घालत नाही. "मावशी, रक्त कमी पडलं तर रात्री हिला नाशिकला कोण नेईल?" एवढंच विचारते. माझ्या मते भिंतीवरच्या सगळ्या पोस्टरांपेक्षा हा प्रश्न जास्त काम करतो. सासूला पटलं की गोळी चुकत नाही. रात्री आठवण करून देणारी तीच असते.

पावसाळा सरला की मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला निघतात, गरोदर बायाही त्यांच्यात असतात. ताई पुढच्या पट्ट्या आधीच देऊन ठेवते, त्यामुळे रजिस्टरात १८० चा आकडा पुरा होतो. तिकडची आशा या बायांना ओळखत नाही. कार्ड बरोबर न्या, असं ताई बजावते. बऱ्याच जणी ते घरीच ठेवतात, झोपडीत भिजेल म्हणून.