अठ्ठेचाळीस मात्रांचा तास

ज्या मुंबईत 1935 साली लिऑन ॲबीच्या कृष्णवर्णीय वादकांनी ताजमहाल हॉटेलातील श्रीमंत श्रोत्यांना जाझ ऐकविले आणि पुढे गोव्यातील हळदोण्याच्या अंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटमधून ते सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’पर्यंत येऊन पोहोचले, त्याच मुंबईत तिघे वादक परळकडच्या एका शाळेत मुलांकडूनच जाझ वाजवून घेतात, असे कानी आल्यावर तो प्रकार समक्ष पाहिल्यावाचून मला राहवेना.

कीबोर्ड आणि ड्रम्स मांडायला वेळ लागला नाही. खरी पंचाईत डबल बेसची झाली. माणसाहून उंच असे ते वाद्य दोन शिपायांच्या मदतीने जिन्यावरून वर आले खरे, परंतु त्याचे खालचे अणकुचीदार टोक शहाबादी फरशीवर ठरेना. अखेर बाईंनी फळ्याचे डस्टर त्याखाली सरकविले, आणि पहिल्या खर्जासरशीच त्यातून खडूची भुकटी उडालेली पाहून वर्गाच्या मनातील पाहुण्यांविषयीचा धाक जो नाहीसा झाला तो कायमचा.

“एका फेरीत 48 मात्रा,” पियानोवादकाने सांगितले. ब्लूजच्या एका आवर्तनात बारा खण आणि प्रत्येक खणात चार मात्रा. म्हणून बारा मुले कोंडाळे करून बसवायची, प्रत्येकाने आपल्या चार मात्रांत हाताशी येईल ते वाजवायचे आणि तिघांनी खालून आधार द्यायचा, अशी योजना होती. “म्हणजे तीनतालाची तीन आवर्तने,” असे शाळेचे संगीतशिक्षक हळूच म्हणाले. त्या 48 मात्रांचा हिशेब जुळल्याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटले होते.

पाचव्या जागेवरील मुलाने मात्र हिशेब बिघडविला. कंपासपेटीवर दोन पेन्सिलींनी त्याने ताशाची अशी काही तर्री धरली की आपल्या चार मात्रा केव्हा सरल्या याचे भान त्याला राहिले नाही आणि शेजारच्या मुलीच्या चारही त्याने गिळंकृत केल्या. “सर, माझी पाळी होती!” ती ओरडली. ड्रमवादकाने त्याला थांबविले नाही. उलट काठ्या ड्रमच्या कडेवर घेऊन तीच तर्री उचलली, बेसने तिच्याखाली चाल धरली, आणि पुढच्या फेरीत त्या मुलीला आठ मात्रा बहाल झाल्या. आयत्या वेळी सुचलेले पदरात घेणे आणि तरीही दुसऱ्याचा हक्क न बुडविणे, ही या कलेची सारी नीती त्या निवाड्यात आली.

मुख्याध्यापिकांनी 45 मिनिटांची मंजुरी दिली होती. घंटा झाली, वाद्ये उतरली, आणि शेरेबुकात कार्यक्रम उत्साहात पार पडल्याची नोंद झाली. माझे समाधान मात्र त्या शेऱ्याने होत नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत, आणि मुंबईच्या सिनेसंगीताला दोन पिढ्या पुरतील एवढे वादक निपजले ते त्या नित्याच्या तालमीतून. पाहुण्यांच्या एका फेरीतून नव्हे. या तिघांच्या निष्ठेविषयी मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती शिक्षणखात्याविषयी: वर्षाकाठी 48 मात्रांवर मुलांची बोळवण करण्यापेक्षा आठवड्याला एक तास आणि शाळेच्या जडसंग्रहात निदान एक ताशा, एवढी तजवीज करावयास कोणत्या हुकुमाची वाट पाहिली जात आहे?