तडा गेलेली फ्रेम: आधी धातू ओळखू
रिकम्बंट ट्राइक म्हणजे पाठ टेकून चालवायची तीनचाकी सायकल. वळताना ती दुचाकीसारखी कलत नाही. त्यामुळे आडवा जोर चाकांतून थेट फ्रेमवर येतो, आणि तडा बहुधा वेल्डच्या कडेला जातो.

तो जोडायचा कसा? आधी आपण लोहचुंबक लावून बघू. चिकटलं तर पोलाद. मग रंग खरवडायचा, तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि वेल्ड करून वर आधाराची पट्टी जोडायची.

नाही चिकटलं तर बहुधा ॲल्युमिनियम. ६०६१-टी६ वेल्ड केलं की सांध्याजवळची ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी घटते. वरून काहीच दिसत नाही. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंशांना तापवून, पाण्यात थंड करून, पुन्हा मंद भट्टीत काही तास ठेवावी लागते. ते जमणार नसेल तर फ्रेमच बदललेली बरी. उतारावर सांधा सुटला, तर रस्ता आपल्या पाठीखाली वीतभरच असतो!