विंडोज अपग्रेड अर्ध्यावर अडकले तर? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरचा कॉम्प्युटर विंडोज ११ वर न्यायला घेतला. मीही घेतला. रविवारी सकाळी सुरू केलं, चहा घेऊन आले तोवर कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला होता आणि टक्के मोजत होता. मग परत रीस्टार्ट झाला आणि 'केलेले बदल मागे घेत आहोत' अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज आला. तो अर्धा तास हलेना. मी घाबरून बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला. हीच माझी चूक. पुन्हा चालू केल्यावर निळा स्क्रीन, विंडोजचा पत्ता नाही.

त्या मशीनमध्ये सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, चाचण्यांच्या गुणनोंदी आणि मुलीच्या लहानपणचे फोटो होते. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅटने कॉम्प्युटर सुरू होतो हे खरं, पण सी ड्राइव्हवरचं सगळं जातं. आणि आपल्यातले बहुतेक जण डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्येच सेव्ह करतात, म्हणजे सी ड्राइव्हवरच! म्हणून फॉरमॅट हा शेवटचा उपाय ठेवा.

आधी आत काय घडतं ते समजून घेऊ. अपग्रेड म्हणजे घर बदलण्यासारखं आहे. पहिल्या टप्प्यात जुनं विंडोज चालू असतानाच तपासणी होते आणि नव्या फाइल्स डाउनलोड होतात. दुसऱ्या टप्प्यात कॉम्प्युटर एका छोट्या तात्पुरत्या सिस्टीमवर सुरू होतो आणि नव्या विंडोजची मांडामांड करतो. तिसऱ्यात नवं विंडोज पहिल्यांदा सुरू होऊन प्रिंटर, साउंड, डिस्प्ले यांचे ड्रायव्हर बसवतं. चौथ्यात तुमची सेटिंग्ज आणि अकाउंट जागेवर येतात. जुनं सामान 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये बांधून ठेवलेलं असतं. कुठे बिनसलं तर सेटअप तेच सामान परत लावतो. मी बटण दाबलं तेव्हा नेमकं हेच चाललं होतं. म्हणून टक्के थांबलेले दिसले तरी हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना ते बघा. लुकलुकत असेल तर हात लावू नका, जुन्या मशीनवर दोन-तीन तासही लागतात.

आता निळा स्क्रीन आलाच तर पहिलं काम फाइल्स वाचवण्याचं, दुरुस्ती नंतर. त्या स्क्रीनवर 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'कमांड प्रॉम्प्ट' निवडा. काळ्या खिडकीत नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडतं! त्यात फाइल – ओपन केलं, खाली 'ऑल फाइल्स' निवडलं की सगळे फोल्डर दिसू लागतात. हवा तो फोल्डर राइट क्लिकने कॉपी करून पेन ड्राइव्हमध्ये पेस्ट करायचा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, सी ड्राइव्ह डी म्हणून दिसला तर दचकू नका. आणि डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, मोबाइलवरून लॉग इन करून बघता येते. खरं तर ती अपग्रेडच्या आधीच वहीत उतरवून ठेवावी.

मी रात्री अकरापर्यंत कॉपी करत बसले. फोटो सुरक्षित आहेत हे दिसल्यावर मगच जेवले. त्यानंतर त्याच मेनूतलं 'स्टार्टअप रिपेअर' चालवलं आणि जुनं विंडोज १० उभं राहिलं. ते चाललं नसतं तर तिथेच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा पर्याय होता.

मग कारण शोधायला घेतलं. अपग्रेड फसलं की बहुतेक वेळा एक एरर कोड मिळतो, त्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. ०-एक्स-८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा कमी. ०-एक्स-सी-१९००२०० म्हणजे मशीन किमान अटीत बसत नाही. ०-एक्स-सी-१९००१०१ म्हणजे बहुतांशी ड्रायव्हरची भानगड. या शेवटच्या कोडपुढे डॅश देऊन दुसरा एक आकडा असतो. त्यात 'एक्स' नंतरचा पहिला अंक टप्पा सांगतो: २ असेल तर दुसरा, ३ असेल तर तिसरा. माझ्याकडे ३ होता, म्हणजे ड्रायव्हर बसवतानाच गाडी अडली होती. घरात एक जुना स्कॅनर होता, कित्येक वर्षं न वापरलेला. त्याचं सॉफ्टवेअर मात्र अजून मशीनमध्ये बसून होतं.

अटींचं थोडक्यात: ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, सिक्युअर बूट चालेल असं मशीन आणि टीपीएम २.०. टीपीएम पुष्कळदा मशीनमध्ये असतं पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे 'तुमचा कॉम्प्युटर चालणार नाही' असं दिसलं म्हणून लगेच नवा घ्यायला धावू नका. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र उपाय नाही. जुगाड सांगणारे व्हिडिओ खूप आहेत, पण शाळेची कामं असलेल्या मशीनवर मी ते करणार नाही.

दुसऱ्या प्रयत्नाआधी मी स्कॅनरचं सॉफ्टवेअर आणि विकतचा अँटीव्हायरस काढला, डाउनलोड्स फोल्डर साफ करून २५ जीबी जागा केली, माउस-कीबोर्ड सोडून सगळ्या वायरी काढल्या. लाइट जाण्याची भीती असल्याने शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला. या वेळी पावणेदोन तासांत झालं.

जाता जाता मराठीचं काम करणाऱ्यांसाठी एक. ज्यांनी मशीन फॉरमॅट करून घेतलं आहे त्यांना जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. फाइल खराब झालेली नाही, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखा तुमचा जुना फॉन्ट फॉरमॅटमध्ये गेला आहे. तोच फॉन्ट परत टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. म्हणून फॉन्टची फाइलही पेन ड्राइव्हमध्ये ठेवा.

आणि नवं विंडोज नाहीच आवडलं तर सेटिंग्ज – सिस्टीम – रिकव्हरीमध्ये 'गो बॅक' आहे. ते १० दिवसच चालतं, आणि तोवर विंडोज.ओल्ड फोल्डर जागा खातोय म्हणून डिलीट करू नका.