चष्मा डोक्यावर, शोध घरभर : निवृत्तीनंतरचं विसरणं, हसणं आणि काम

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण काढणारा माणूस नक्कीच पंचविशीतला असणार. साठीतल्या माणसाने काढायला घेतली असती तर अर्धी म्हण होईपर्यंत पुढची अर्धी विसरला असता.

माथेरान रोडवरच्या आपल्या सुकापूरमध्ये असरनंतर कुठल्याही सोसायटीच्या गेटजवळच्या बाकाकडे बघा. मुंबईतली खोली विकून इकडे वन बीएचके घेतलेले, कोकणातलं घर बंद करून मुलाकडे आलेले, आखातात पंचवीस-तीस वर्षं काढून परतलेले, असे सगळे तिथे बसलेले असतात. गुडघे, साखर, मुलाच्या फ्लॅटचा हप्ता हे विषय ठरलेले. मधेच कुणीतरी म्हणतो, "अरे तो आपला... काय नाव त्याचं... तो नाही का..." मग चार जण मिळून पाच मिनिटं नाव शोधतात. नाव सापडत नाही. ते सापडतं रात्री दोन वाजता, एकट्याला, लघवीला उठल्यावर. दुसऱ्या दिवशी त्यावर हसणं होतं.

पण या हसण्यामागे एक भीतीही असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. हे 'ते' तर नाही? 'ते' म्हणजे अल्झायमर, स्मृतिभ्रंश. घरातले लोक म्हणतात, वय झालं. ज्याचं वय झालं तो गप्प बसतो. या दोन टोकांच्या मध्ये बरीच माहिती आहे आणि ती आपल्या घरांत पोहोचलेली नाही.

आधी नावांबद्दल. नाव हे मेंदूसाठी फार निसरडं प्रकरण आहे. मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग करून पाहिलाय. काही लोकांना एका माणसाचा फोटो दाखवून सांगितलं की हा बेकरीवाला आहे. दुसऱ्यांना तोच फोटो दाखवून सांगितलं की याचं आडनाव 'बेकर' आहे. शब्द एकच, पण धंदा म्हणून सांगितला तेव्हा तो जास्त जणांच्या लक्षात राहिला. आपल्या कोकणी भाषेत सांगायचं तर 'हा नाखवा आहे' म्हटलं की समोर बोट येते, समुद्र येतो, जाळी येते. 'हा अमुक नाखवा' म्हटलं की फक्त आडनाव. त्याला अडकवायला खुंटीच नाही. त्यामुळे त्या माणसाचं गाव आठवतं, त्याच्या पोरीच्या निकाहला खाल्लेली बिर्याणी आठवते, नाव मात्र येत नाही. तरुणांचंही असंच होतं. वय वाढलं की साठवलेलं शोधून बाहेर काढायला वेळ जास्त लागतो, एवढंच. माल गोदामातच असतो, फक्त गोदामवाला हळू चालतो.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे स्वयंपाकघरात गेलो आणि कशाला आलो तेच विसरलो. यावर अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात गॅब्रिएल रॅडवान्स्की यांनी काम केलं, २०११ साली ते प्रसिद्ध झालं. त्याच खोलीत तेवढंच अंतर चालण्यापेक्षा दार ओलांडून पलीकडे गेल्यावर लोक जास्त विसरतात असं त्यांना दिसलं. दार ओलांडलं की मेंदू मागचं पान मिटतो आणि नवं उघडतो. हे प्रयोग कॉलेजच्या पोरांवर झाले होते, म्हणजे यात म्हातारपणाचा काही संबंध नाही.

मग काळजी कधी करायची? चावी कुठे ठेवली हे विसरणं नेहमीचं आहे. चावी हातात घेऊन ही कशासाठी असते असा प्रश्न पडणं नेहमीचं नाही. एखाद्या लग्नाची तारीख विसरणं चालतं, पण तासाभरात तोच प्रश्न चार वेळा विचारला आणि आपण आधी विचारलाय हे आठवतच नसेल तर लक्ष द्यायला हवं. मशिदीतून घरी येताना रोजच्या रस्त्यावर चुकणं, आयुष्यभर हिशेब ठेवलेल्या माणसाला सुट्टे पैसे मोजता न येणं, शांत माणूस अचानक संशयी होणं, ही सगळी डॉक्टरांकडे नेण्याची कारणं आहेत. आणखी एक खूण उपयोगी पडते. विसरण्याची तक्रार स्वतः अब्बा करत असतील तर बहुतेक वेळा चिंता कमी असते. घरचे सगळे बघतायत आणि अब्बा म्हणतात मला काही झालं नाही, तेव्हा उशीर करू नये.

आकडाही माहीत असावा. देशभरातल्या ज्येष्ठांची पाहणी करून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार ६० वर्षांवरच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आकडा मोठाच आहे. पण उलट बाजूने वाचला तर साठीपुढच्या शंभरातल्या ९२-९३ जणांना तो नाही. हा आजार म्हणजे म्हातारपणाचंच दुसरं नाव, असंही नाही. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये ज्या बाईची केस जगापुढे मांडली, ती त्यांच्याकडे आली तेव्हा ५१ वर्षांची होती.

डॉक्टरांकडे जाण्याचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. काही वेळा विसरण्याचं मूळ बरं होण्यासारखं असतं. बी-१२ कमी असतं, थायरॉइड बिघडलेला असतो, झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात. जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य असतं, ज्याला आपल्याकडे 'हल्ली गप्पगप्प असतात' एवढंच म्हटलं जातं. कधी नुसतं कानांचं दुखणं असतं. अब्बा विसरले नसतात, त्यांना मुळात ऐकूच आलेलं नसतं. 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाशी जोडलेल्या १४ गोष्टी सांगितल्या आणि त्या सगळ्या आवरता आल्या तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येईल असं म्हटलं. रक्तदाब, साखर, सिगारेट हे त्यात आहेच. पण बहिरेपण आणि अधू नजर आहे, आणि एकटं पडणंही आहे. चष्म्याची कुणाला लाज वाटत नाही, कानातल्या मशीनची वाटते. का, ते कळत नाही.

आपल्याकडे विसरण्याची सोय थेट नमाजमध्येच करून ठेवलेली आहे, याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. रकात तीन झाल्या की चार, शंका आली तर शेवटी दोन सजदे जास्त करायचे, सजदा-ए-सहू. रोज्यात भुलून पाणी प्यायलं तर रोजा तुटत नाही. माणूस विसरणार हे धरूनच नियम केलेत. हदीसमध्ये जुल-यदैन यांचा प्रसंग आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी चार रकातींच्या नमाजमध्ये दोनवरच सलाम फिरवला. मोठमोठे सहाबी हजर होते, बोलायला कुणी धजेना. जुल-यदैन यांनी विचारलं, पण कसं? नमाज कमी करण्यात आली आहे की विसरायला झालं, असे दोन्ही पर्याय समोर ठेवून. बाकीच्यांना विचारून खात्री झाली, उरलेली नमाज पूर्ण झाली, दोन सजदे झाले, विषय संपला. कुणी हसलं नाही आणि कुणी चिडलंही नाही.

आता हेच आपल्या घरात कसं होतं ते बघा. "अब्बा, दहा वेळा सांगितलं तुम्हाला!" दहा हा आकडा कायम ठरलेला. सूरह बनी इस्राईलमधली आई-वडिलांपुढे 'उफ्'सुद्धा न करण्याची ताकीद सगळ्यांना पाठ असते. पण दादीने रिमोट समजून मोबाईल टीव्हीकडे रोखला त्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकणं हे 'उफ्'मध्ये येतं की नाही, याचा विचार होत नाही. माझ्या मते येतं. म्हातारा माणूस स्वतःच्या विसरण्यावर हसतो तेव्हा तो मोकळा होतो. दुसरे पाहुण्यांसमोर हसतात तेव्हा तो बोलायचंच बंद करतो, आणि बोलणं बंद झालं की एकटं पडणं सुरू होतं. म्हणजे वरच्या चौदापैकी एक.

निवृत्तीचा संबंध इथे येतो. नोकरी फक्त पगार देत नाही. उठायची वेळ देते, ठरलेली लोकल आणि तिच्यातला ग्रुप देते, आणि 'साहेब, हे कसं करायचं?' असं विचारणारं कुणीतरी देते. ५८ किंवा ६० व्या वर्षी हे सगळं एका संध्याकाळी शाल-श्रीफळाबरोबर परत घेतलं जातं. मग सोमवार मंगळवारसारखा आणि मंगळवार बुधवारसारखा. आज वार कोणता हे अब्बांना आठवत नाही, यात मेंदूचा दोष थोडा आणि दिवसांचा जास्त असतो, कारण सगळे दिवस एकाच साच्यातले. जुम्मा तेवढा लक्षात राहतो, कारण त्या दिवशी काहीतरी वेगळं करायचं असतं.

(बायकांना निवृत्ती नसते, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. अम्मी साठीला घर सांभाळत होती, सत्तरीलाही सांभाळते. तिच्या कामात एकच भर पडते, ती म्हणजे दिवसभर घरात बसून चहात साखर किती पडली याचं ऑडिट करणारे अब्बा.)

रिकाम्या दिवसांवर उपाय काय, याचं उत्तर आपल्याच पनवेल तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर ताऱ्याला आहे. युसूफ मेहेरअली हे नाव नव्या पिढीला फारसं माहीत नसतं. 'सायमन गो बॅक' आणि 'क्विट इंडिया' या घोषणांचं श्रेय त्यांना दिलं जातं, १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर होते, आणि १९५० मध्ये अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. म्हातारपण त्यांच्या वाट्याला आलंच नाही. त्यांच्या नावाने १९६१ मध्ये युसूफ मेहेरअली सेंटर उभं राहिलं. पुढे ताऱ्यात दवाखाना, शाळा, तेलघाणी, साबण असं काम वाढलं. त्यामागे होते डॉ. जी. जी. परीख. बेचाळीसच्या लढ्यात विद्यार्थी असताना तुरुंगात गेलेला हा डॉक्टर २ ऑक्टोबर २०२५ रोजी शंभरी ओलांडून गेला, आणि नव्वदीनंतरही कामाला जोडलेला होता. शरीर थकलं असेल, पण लोक येत होते, विचारत होते, पुढचं काम ठरत होतं.

लिहिण्या-वाचण्याच्या बाजूचं उदाहरण सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांचं (१९३८-२०१८). संगमेश्वर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ उभी करण्यात पुढे राहिले. त्यांची बरीचशी पुस्तकं मात्र नोकरी संपल्यानंतरची आहेत.

सगळे काही जी. जी. किंवा बेन्नूर सर होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. सुकापूरमध्ये करण्यासारखं भरपूर पडलंय. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला पोरांना माणूस हवाय. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं, हा आपल्या समाजातला कायमचा घोळ आहे, आणि तो सोडवायला ऑफिसात चाळीस वर्षं फायली हलवलेल्या माणसाइतका लायक कोण? उर्दू शाळेतल्या पोरांचं मराठी कच्चं असतं, मराठी शाळेतल्यांना उर्दू वाचता येत नाही. दोन्ही येणारे चाचा बाकावर बसून नाव आठवत असतात. एक अट मात्र ठेवावी. काम असं हवं की आपण नाही गेलो तर कुणीतरी फोन करून विचारेल. नुसता वेळ घालवायला काढलेलं काम महिन्याभरात सुटतं.

विसरण्याचा बंदोबस्तही सोबत करायचा. चावी, चष्मा, पाकीट यांना घरात एकच जागा ठेवायची. गोळ्यांना वारांचे खण असलेला डबा घ्यायचा. गॅस बंद केला की तोंडाने मोठ्याने 'बंद केला' म्हणायचं, सून हसली तर हसू द्यायचं. खिशात एक छोटी डायरी. बँक खाती, एफडी, नॉमिनी कोण, कुणाची अमानत आपल्याकडे आहे, कुणाकडून येणं आहे आणि कुणाला देणं आहे, हे डोकं चांगलं चालतंय तोवर लिहून घरच्या एकाला दाखवायचं. ओटीपी मात्र कुणालाच सांगायचा नाही. कुरआनमधली सगळ्यात लांब आयत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, म्हणजे यात लाजण्यासारखं काही नाही.

हक्काच्या काही गोष्टीही त्याच डायरीत टिपून ठेवा. एसटीत ६५ पासून अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर राज्यभर मोफत प्रवास. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं ५ लाखांपर्यंतचं कार्ड. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७, मन जड झालं असेल तर टेली मानस १४४१६. घरातच त्रास होत असेल, पोरं खर्च देत नसतील, तर २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात निर्वाहखर्चाचा अर्ज करता येतो.

आणि सरकारी पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. केंद्राच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. बाकी काय विसरायचं ते विसरा, पण आपण जिवंत आहोत हे सरकारला वर्षातून एकदा सांगायचं असतं, तेवढं कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. आणि ते पेन कुठे ठेवलंय तेही.