हिरव्याच्या जिवावर पांढरे

आंब्याफणसाच्या विस्ताराखाली, इमारतीच्या उत्तरेकडील भिंतीलगत किंवा दोन घरांमधल्या चिंचोळ्या बोळात जी जमीन वर्षानुवर्षे उघडी पडलेली दिसते, तिच्याविषयी बागमालकाची तक्रार बहुधा एकच असते : येथे काही म्हणून येत नाही. या तक्रारीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. हरळीला दिवसाचे कित्येक तास उघडे ऊन लागते. ते मिळेनासे झाले की ती विरळ होत जाते, आणि मग त्या मातीवर पावसाळ्यात शेवाळ धरते व उन्हाळ्यात धूळ उडते. हंगामी फुलझाडे तेथे नुसती उंच आणि निस्तेज वाढतात. परंतु वृक्षांच्या पायथ्याशी राहण्याची ज्यांची पिढीजात वहिवाट आहे, अशा वनस्पतींना हीच छाया मानवते. आणि त्यांतही ज्यांच्या पानांवर पांढरे पट्टे असतात, त्यांनी झाकलेली जमीन अंधाऱ्या कोपऱ्यातही उजळ भासते. अशा बहुवर्षायू, सदाहरित व पट्टेरी वनस्पतींमध्ये आपल्याकडच्या रोपवाटिकांत सर्वांत सहज मिळणारी, स्वस्त आणि सोशिक वनस्पती म्हणजे क्लोरोफायटम. शहरात तिला स्पायडर प्लांट या नावानेही ओळखतात.

ही मूळची आफ्रिकेच्या उष्ण आणि दक्षिण प्रदेशांतली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग याने १७९४ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिची भावंडे मात्र आपल्या सह्याद्रीतच नांदतात. औषधी सफेद मुसळी याच कुळीतली असून, मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात अध्यापन करणारे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी तिला दिलेल्या शास्त्रीय नावात बोरिवलीचा उल्लेख कायमचा राहिला आहे. पहिल्या पावसानंतर कोकणातल्या बाजारांत फोडशी किंवा कुली म्हणून ज्या कोवळ्या पानांच्या जुड्या येतात, त्याही याच गोतातल्या. पण ही देशी मंडळी चार महिन्यांत आपला जमिनीवरचा सारा पसारा आवरून कंदात लुप्त होतात. आफ्रिकेतली त्यांची बहीण बारा महिने हिरवी राहते, आणि म्हणूनच जमीन झाकण्याच्या कामी ती अधिक उपयोगी पडते.

तिचे एखादे पान तोडून उजेडासमोर धरावे. वीतभर किंवा त्याहून लांब, बोटाएवढे रुंद, टोकाकडे निमुळते होत गेलेले हे पान. काही जातींत कडा हिरव्या व मधला पट्टा पांढरा, तर काहींत मध्य हिरवा व कडा पांढऱ्या. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतेच, आणि जेथे हरितद्रव्य नाही तेथे सूर्यप्रकाशापासून अन्न तयार होण्याची शक्यताही नाही. अर्थात पट्टेरी पानाचे उत्पन्न अर्ध्यामुर्ध्या हिरव्या भागातून यायचे आणि खर्च मात्र साऱ्या पानाचा, असा हा घरातल्या एका कमावत्याने चार खाणारी तोंडे पोसण्यासारखा मामला आहे. आपण ज्या शोभेसाठी हे झाड आणतो, ती त्याच्या दृष्टीने निव्वळ तूट होय. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की या झाडाच्या मशागतीचे बहुतेक सगळे नियम आपोआप उलगडत जातात.

पांढरेपणाचा हा वारसा कसा चालतो, याचा छडा लागला तो आपल्या परसातल्या गुलबक्षीवरून. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली असे दाखवून दिले, की हिरव्या-पांढऱ्या पानांच्या गुलबक्षीत संततीचा रंग ठरतो तो ज्या फांदीवर बी धरले त्या फांदीवरून. पराग कोणत्या फांदीचा होता याला काहीच किंमत नसते. हरितद्रव्य बाळगणारे सूक्ष्म कण आईच्या बीजपेशीतून उतरतात, हे त्याचे कारण. बी पेरून पट्टा जसाच्या तसा मिळेल, अशी हमी म्हणूनच देता येत नाही. क्लोरोफायटम आपली शोभा पुढे नेतो तो धुमाऱ्यांवर लोंबणाऱ्या पिल्लांतून. त्यातूनही क्वचित एखादे पिल्लू संपूर्ण पांढरे निघते. आईला जोडलेले असेपर्यंत ते तजेलदार दिसते. त्याच्या देखणेपणाला भुलून कोणी ते वेगळे लावले, तर थोड्याच दिवसांत ते वाळून जाते, कारण त्याला पोसणारा हिरवा आधारच तुटलेला असतो.

आता मशागतीकडे वळू. भर दुपारचे ऊन पांढऱ्या भागाला सोसत नाही. तेथे करपल्याचे तपकिरी डाग पडतात. याउलट गडद अंधारात हिरव्या भागाची कमाई इतकी घटते, की पाने लुळी पडतात आणि पट्टा मळकट होतो. सकाळचे कोवळे ऊन आणि दिवसभर पानांतून गळणारे कवडसे, ही याच्या सुखाची हद्द. दुपारी त्या जागेवर हात आडवा धरला असता जमिनीवर पुसट का होईना सावली उमटली, तर जागा योग्य समजावी.

मुळे जाड, मांसल व कंदासारखी असून त्यांत पाण्याची बेगमी असते. त्यामुळे चार दिवस पाणी चुकले तरी झाड तग धरते, परंतु तुंबलेल्या पाण्यात मात्र ते हमखास कुजते. मुंबई-कोकणातल्या धो धो पावसात, किंवा देशावरच्या चिकट काळ्या जमिनीत, वाफा वीतभर उंच करून त्यात वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि कुजलेले शेणखत मिसळण्याची तजवीज आधीच केलेली बरी. दोन रोपांत वीत-सव्वा वीत अंतर ठेवावे. खत बेताने द्यावे. अतिरिक्त खताने पाने माजतात आणि पिल्ले कमी धरतात.

पानांची टोके तपकिरी पडणे हा या झाडाचा नेहमीचा आजार, आणि त्याचे खापर बहुधा पाण्याच्या कमतरतेवर फोडले जाते. वस्तुतः पाण्यातले फ्लोराइड व इतर क्षार पानाच्या टोकाशी साचत जाऊन तेथील पेशी मरतात, हेही त्याचे एक मोठे कारण असते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. अशा ठिकाणी साठवलेले पावसाचे पाणी घालावे, आणि ज्यात फ्लोराइडचा अंश असतो ते सुपर फॉस्फेट टाळावे.

झाडाचा विस्तार दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. दिवस बारा तासांहून लहान झाला आणि सुमारे तीन आठवडे तसाच राहिला, की धुमारे फुटण्यास चालना मिळते. आपल्याकडे दिवस नवरात्राच्या आसपास एवढा लहान होतो. मग लांब, पिवळसर दांड्यांवर चिमुकली पांढरी फुले येतात व पाठोपाठ पिल्ले लोंबू लागतात. ती मातीला टेकवून वर लहानसा दगड ठेवला, की मुळे धरतात. त्यामुळे मोठ्या वाफ्यासाठीही शेकडो रोपे विकत घेण्याचे कारण नाही. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या पाच-सहा रोपांवर भागते. पावसाळ्यात गोगलगायी रात्री वेचून काढाव्यात, आणि पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दिसताच ओल्या फडक्याने पुसून टाकावा.

सर्वांत अधिक लक्ष मात्र एका निरोगी दिसणाऱ्या गोष्टीवर ठेवावे लागते. पट्टेरी झुबक्यातून कधीकधी निखळ हिरव्या पानांचा कोंब वर येतो. त्याच्या अंगावर पांढऱ्याचा बोजा नसल्याने तो जोमाने वाढतो, आणि मोकळीक मिळाल्यास काही काळाने वाफ्यावर त्याचाच अंमल बसतो. निसर्गाच्या हिशेबात हा निकाल रास्तच आहे. पट्टा हवा असेल त्याने असा कोंब दिसताक्षणी मुळापासून उपटावा. आणि जिवंत झाडावर हात टाकणे ज्याच्या जिवावर येते, त्याने सरळ हिरवीच जात लावावी, कारण सावलीतली जमीन तीही तितकीच चांगली झाकते.