कास ते म्हसवड

सातारा जिल्ह्याचा पाऊस एका आकड्यात सांगता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, माण तालुक्यात दहिवडी-म्हसवडकडे, पाचशेच्या आसपास पडला तरी साल चांगलं गेलं म्हणतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढून गार होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. पलीकडे उतरणाऱ्या वाऱ्यात फारशी ओल उरत नाही. जुलैत जावळीतली बाई इरल्याखाली भातलावणीला वाकलेली असते, तेव्हा माणमधली बाई कधी कधी टँकरची वाट बघत असते. दोघींचा जिल्हा एकच. आम्हा सातारकरांचा जीव या दोन्ही टोकांत अडकलेला आहे.

पश्चिमेकडच्या कास पठाराचं कौतुक आता जगाला ठाऊक आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली काही ठिकाणं जागतिक वारसा ठरवली, त्यांत कास आलं. पण तिथली श्रीमंती गरिबीतून आलेली आहे, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येतंच असं नाही. पठार जांभ्या खडकाचं, वर मातीचा जेमतेम थर, तिच्यात नत्र कमी. मोठी झाडं रुजत नाहीत, म्हणून लहान फुलांना सगळं आकाश मोकळं मिळतं. निळी सीतेची आसवं आणि चिकट दवबिंदू तर किडे पकडून आपली भूक भागवतात. तेरडा, गेंद, सातारच्या नावानेच ओळखला जाणारा वायतुरा, आणि सात वर्षांतून एकदा सगळा उतार जांभळा करणारी टोपली कारवी! साडेआठशेच्या आसपास फुलझाडांच्या जाती तिथे नोंदल्या आहेत. या पातळ मातीवर एक बूट पडला तरी कोंब दबतो, म्हणून फोटोसाठी फुलांत बसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

कासच्या तलावाचं पाणी सातारा शहर पिढ्यान् पिढ्या पीत आलं आहे. याच डोंगरात उगम पावणाऱ्या उरमोडीवर धरण झालं आणि तिचं पाणी उचलून खटाव-माणकडे नेलं गेलं. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणीही नेर तलावामार्गे आंधळीकडे निघालं. फुलांवर पडलेला पाऊस माळावर पोचतो आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

पाण्याच्या आधीही दोन्ही मुलखांचं येणं-जाणं होतंच. फलटण-माणकडचे धनगर दसरा-दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात, काही वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तांडे, घाट उतरून कोकणापर्यंत जातात. वाटेत शेतकरी रात्री मेंढरं शेतात बसवून घेतो. जमिनीला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला सासवडहून तेल्या भुत्याच्या नावाने ओळखली जाणारी पाण्याची कावड येते आणि माणसं ती मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने वर नेतात. शंभू महादेवाला पाणी घालायला एवढं चालायचं, तेही ऐन उन्हाळ्यात. कोरड्या मुलखाला पाण्याची भक्ती शिकवावी लागत नाही.

त्याच मुलखाने पाणी अडवूनही दाखवलं. २०१६ च्या पहिल्या ‘वॉटर कप’ या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ ला माणमधली टाकेवाडी. गावाने स्वतः खोदलेल्या चरांत पहिला पाऊस थांबलेला पाहायला अख्खं गाव शिवारात जातं, आणि जावंच.

मात्र माळाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सरकारी कागदांत आणि आपल्या बोलण्यातही माळाला पडीक म्हणतात. तो पडीक नाही. कुसळीच्या गवतात धाविक अंडी घालतो, खोकड उंदरांवर जगतं, लांडगा मेंढरांच्या मागावर फिरतो. मायणीच्या तलावावर हिवाळ्यात रोहित उतरतात. हौसेने सगळ्या माळावर झाडं लावली तर या जिवांचं घर जाईल आणि मेंढरांचं कुरणही. झाडं ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात लावा. आणि कालवा आला म्हणून माळ फोडून ऊस लावण्याची घाईही नको. उसाला लागणाऱ्या तेवढ्याच पाण्यावर ज्वारी, डाळिंब, चारा अशा कितीतरी शेतांची तहान भागते.

कासला सप्टेंबरात सगळेच जातात. माणला दिवाळीनंतर या: गवत पिकून पिवळं झालेलं असतं, रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागलेली असते, आणि एखाद्या वाड्याची मेंढरं रस्ता अडवून उभी असतील, तर त्यांना आधी जाऊ द्या.