‘ळ’चा क्रमांक आणि सोळाचे गणित

भारतात १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया मागे पडला. संगणकाच्या जगात मात्र सोळाचे गणित आजही चालते. त्यास षोडशमान अथवा हेक्साडेसिमल पद्धती म्हणतात.

दशमान पद्धतीत ० ते ९ असे दहा अंक असतात. षोडशमानात सोळा लागतात. म्हणून १० ते १५ या किमतींसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही रोमन अक्षरे योजली आहेत. डावीकडे सरकताना स्थानाची किंमत येथे दहापट नव्हे, सोळापट वाढते. त्यामुळे षोडशमानातील १० म्हणजे आपले १६.

संगणक केवळ ० आणि १ जाणतो. या दोहोंच्या चार-चार स्थानांच्या नेमक्या सोळा रचना होतात. साहजिकच ११११ ऐवजी ‘एफ’ हे एकच चिन्ह पुरते.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ‘ळ’चा षोडशमान क्रमांक ०९३३ आहे. (९×२५६) + (३×१६) + ३, म्हणजे दशमानात २३५५. पूर्वी निरनिराळ्या फॉन्टांची संकेतरचना निरनिराळी असे. फॉन्ट बदलताच मराठी मजकूर निरर्थक चिन्हांत विखुरला जाई. आज पणजीत टंकलेला ‘ळ’ बेळगाव, इंदूर वा बडोद्यातही ‘ळ’च उमटतो, कारण त्याचा क्रमांक सर्वत्र एकच आहे.